भोकाचा पैसा

१४ जानेवारी १९४६, सोनई

पुन्हा उलटी. आज तर भर वर्गात! मुलींची पावकी घेत होते, मध्येच उठून भिंतीमागे धावले. परत आले तर सगळ्यांची नजर माझ्या पोटावर. एकीनं धीर करून विचारलं, "बाई, तुमाला बाळ होनार?" म्हटलं, "मला राग येणार. पाट्या काढा."

गेल्या उन्हाळ्यात पुण्याला पोटातली गाठ काढली. तिथले सर्जन म्हणाले होते, महिनाभरात पळायला लागाल. कसलं पळणं! उजव्या कुशीत रोज कळ येते. बेंबीच्या उजवीकडे हात दाबला की आत काहीतरी कडक लागतं, कच्च्या पेरूएवढं. मागच्या महिन्यात लिंबाएवढं होतं. मला भास होत नाहीत.

हे म्हणतात धीर धर. आमचे हे इथल्या मंडळीचे पाळक, धीर धरायला सांगणं हे त्यांचं कामच आहे. माझं काम वेगळं आहे.

नगरच्या दवाखान्यात पोटाचा फोटो काढायचं यंत्र आहे. लिडिया तिथं सिस्टर आहे, बोर्डिंगात आम्ही एका ताटात जेवलेल्या. मी जाणार. ठरलं.

१७ जानेवारी

ह्यांना सांगितलं. "शाळेचं काय?" — "शाळा तुम्ही घ्या." घेतील. पावकी येत नाही त्यांना, पण मुली शिकवतील.

२१ जानेवारी, नगर

पहाटे बैलगाडीनं घोडेगाव, तिथून मोटार. हे सोबत. भिमाजीही आला. तोच चर्चची घंटा वाजवतो, तोच आमचा गाडीवान. त्याला घंटेसाठी दोर घ्यायचा होता.

डॉक्टर मकासरे भला माणूस. चेहरा असा थकलेला की त्यालाच कॉटवर झोपवावं वाटलं. पोट चाचपलं, जुना व्रण पाहिला, म्हणाले, आतडी बघू या. मग मोठा पेलाभर पांढरं पाणी प्यायला दिलं. चव थेट खडूची! जन्मभर खडूची भुकटी नाकातोंडात गेली, आता घटाघटा प्यायची वेळ आली. ते पाणी आतड्यातून जाताना फोटोत पांढरं दिसतं म्हणे.

खोलीत अंधार, यंत्राची घरघर, गार फळीवर उताणं पडायचं. लुगडं तसंच नेसलेलं. यंत्र चालवणारा पुरुष, त्यामुळे बायका लुगडं सोडत नाहीत आणि कुणी सोडा म्हणतही नाही. एक शिकाऊ नर्स दारात उभी होती, तिनं विचारलंसुद्धा नाही काही. लिडियाची कामाची पाळी नव्हती.

डॉक्टरांना तातडीचं ऑपरेशन आलं. फिल्म वाळू दे, पुढच्या मंगळवारी या म्हणाले.

२९ जानेवारी

टाकाचं टोक दोनदा कागदात रुतलं. दुखण्यानं नाही, संतापानं!

डॉक्टरांनी फिल्म खिडकीशी धरली. मी, हे, आणि दारात भिमाजी. म्हणाले, "आतडी एका बाजूला ओढल्यासारखी दिसतात. जुन्या ऑपरेशननंतर चिकटतात कधी कधी. पेज, दूध, हलकं खा." मग हसले आणि पेन्सिलीचं टोक फिल्मवर टेकवलं. "आणि पुढच्या वेळी हा कमरेचा पैसा काढून या."

मी पाहिलं. बेंबीच्या उजवीकडे पांढरी स्वच्छ कडी, मध्ये भोक.

लढाईत सरकारनं हा भोकाचा पैसा काढला आणि गावोगावच्या बायकांना आयती सोय झाली. काळ्या दोऱ्यात ओवायचा, कमरेला बांधायचा, म्हणजे दृष्ट लागत नाही, पोट दुखत नाही. आणि मी कोण? बाप्तिस्म्याच्या वर्गाला येणाऱ्या प्रत्येक मुलीचा दोरा माझ्या हातानं कापणारी! सोनईत माझ्या कात्रीला बायका वचकून आहेत.

म्हटलं, "डॉक्टर, माझ्या कमरेला काही नाही."

"सगळ्या असंच म्हणतात हो. रोज बघतो मी हे पैसे. त्यात लाजायचं काय?"

लाजायचं काय! पाळकाच्या बायकोला म्हणतो, लाजायचं काय! मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे फरशीकडे बघत होते. भिमाजी मात्र डोळे फाडून फिल्मकडे.

घोडेगावला उतरल्यावर, भिमाजी बैल जुंपायला गेला तेव्हा, हे हळूच म्हणाले, "आईनं बांधला का?" कुणी बांधला ते विचारलं! बांधला का, हे नाही.

घरी आल्यावर दाराला कडी लावली आणि म्हटलं, बघा. बघा की! त्यांनी मान फिरवली. "आता काढूनच टाकला असशील."

चौदा वर्षांचा संसार. आज पहिल्यांदा वाटलं, ह्या माणसाला मी काही कळलेच नाही.

३० जानेवारी

सासूबाईंना कळलं. मला वाटलं, माझ्यावर तोंड टाकतील. छे! त्यांनी लेकालाच धरलं. "म्या बांदला? आरं, मडीला कानिफनाथाच्या पायरीवर बांदल्याला माझा सोताचा दोरा म्या मिशनच्या सायबाम्होरं तोडलाय. तवा तू पाळन्यात हुतास. आन् आता सुनंच्या कमरंला बांदीन व्हय?" सासूबाई मग माझ्याकडे वळल्या. "न्हाई म्हन्ली न्हवं तू? मग न्हाई."

मालनबाई नावाच्या ह्या बाईशी मी चौदा वर्षं मिठावरून भांडले. आज तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले.

३ फेब्रुवारी, रविवार

उपासनेला गेले. जायचंच होतं. घरी बसले असते तर खरंच वाटलं असतं सगळ्यांना.

भिमाजीनं घंटा वाजवायच्या आधी बातमी वाजवली होती. बायकांच्या बाजूला माझ्या शेजारची जागा मोकळी. बनुबाई तर मुद्दाम मागं वळून मोठ्यानं म्हणाली, "कात्री आमच्या पोरींना, आन् पैसा सोताला." दोघी-तिघी हसल्या. ह्यांनी ऐकलं. वेदीपाशी उभे राहून शास्त्राचं पान उलटलं.

मी गाणं म्हटलं, शेवटच्या कडव्यापर्यंत, सगळ्यांच्या वरच्या पट्टीत. पोटात कळा येत होत्या. येऊ देत.

४ फेब्रुवारी

वर्गात सात मुली कमी.

९ फेब्रुवारी

ताप. काल रात्रीपासून पाणीसुद्धा टिकत नाही. पेरूचं आता मोसंबं झालंय.

काल दिवसभर पडून एकच विचार करत होते. माझ्या कमरेला पैसा नाही, हे जगात एकट्या मला पक्कं ठाऊक आहे. आणि फिल्मवर कडी आहे, हेही खरं. डॉक्टर खोटं बोलत नाहीत, फिल्मही नाही, मीही नाही. मग कडी आहे कुठं? अंगावर नाही तर...

विचार तिथंच थांबवते. पण परवा, सोमवारी, नगरला जाते. कुणी आलं तर ठीक, नाही तर एकटी.

११ फेब्रुवारी, नगर

सासूबाई आल्या! हे म्हणाले, "डॉक्टरांनी पाहिलंय, पुन्हा कशाला त्रास द्यायचा?" सासूबाई पायात वहाणा घालून गाडीत चढून बसल्या. हे उंबऱ्यात उभे. माझ्या मनात आलं — नुसतं एवढं म्हणा की रेबेका, तू खोटं बोलत नाहीस. मग मी मेले तरी चालेल. म्हणाले नाहीत.

डॉक्टर मकासऱ्यांना सांगितलं, दुसरा फोटो काढा. त्यांनी कपाळ चोळलं. फिल्म मुंबईहून येते, महिना महिना येत नाही, ज्यांची हाडं मोडलीत त्यांना पुरत नाही. वगैरे. सगळं खरं असेल. म्हटलं, "लिडिया सिस्टरला माझी कमर तपासू द्या."

"तपासली तरी काय, बाई? त्या दिवशी होता की नव्हता, ते आज कसं कळणार?"

अगदी ह्यांचंच वाक्य! सगळे पुरुष एकाच शाळेत शिकले की काय?

म्हटलं, "म्हणून तर फोटो हवाय. आज काढा. आज कडी दिसली नाही तर मी खोटी. मंडळीपुढं उभी राहून तसं सांगेन. दिसली तर मात्र तुम्ही सांगायचं, ती कुठं आहे."

ते उठून वॉर्डात गेले. मी यंत्राच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले. सासूबाई शेजारी फतकल मारून. दुपार झाली. उलटी झाली, पदरानं तोंड पुसून पुन्हा बसले. लिडिया दोनदा येऊन गेली, "आत चल गं, आडवी तरी हो." नाही झाले. दिवे लागायच्या सुमाराला डॉक्टर परत आले.

"एकच फिल्म," म्हणाले. "आणि समोरून नाही, कुशीवर निजवून काढू. समोरून काढलं तर पोटावरची वस्तू आणि पोटातली वस्तू एकाच जागी दिसते." मग स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हणाले, "तेव्हाच काढायला हवी होती."

हा माणूस मला आवडायला लागला.

१२ फेब्रुवारी

लिडियानं लुगडं सोडवलं आणि दवाखान्याची चादर गुंडाळली. मी म्हटलं, नीट बघ, पुढून, मागून, सगळीकडून. "बघितलं गं बाई. काऽऽही नाही." उजव्या कुशीवर निजवलं. कळ अशी आली की फळीची कड दातांनी धरावीशी वाटली. श्वास धरा म्हणाले. धरला.

फिल्म ओली असतानाच डॉक्टरांनी उजेडाला धरली. मलाही दाखवली, दाखवाच म्हटलं होतं मी. एका बाजूला पाठीचा कणा, मणके एकावर एक. दुसऱ्या बाजूला पोटाची रेघ. आणि कडी त्या दोहोंच्या मधोमध. अंगाच्या आत!

सासूबाईंनी विचारलं, "काय दिसतंया?" डॉक्टर खुर्चीवर बसले.

मग हळूहळू सांगितलं. ऑपरेशन करताना पोटात टॉवेलाच्या घड्या ठेवतात, रक्त टिपायला, आतडी बाजूला सारायला. मोठ्या शहरात काही ठिकाणी त्या घडीला फीत शिवतात आणि फितीला धातूची कडी. कडी जखमेबाहेर लोंबत ठेवायची, म्हणजे घडी आत विसरत नाही. "आम्ही साध्या घड्या वापरतो, मोजून. ही कडी मी फक्त पुस्तकात पाहिली होती. आणि इथं कडी दिसली की पैसा समजायची सवय लागलेली." एवढं बोलून ते उठले, आणि त्यांनी सासूबाईंना — मला नव्हे, सासूबाईंना — हात जोडले.

मी खरी होते. आनंद व्हायला हवा. पोटात टॉवेल घेऊन आनंद होत नाही.

१५ फेब्रुवारी

वॉर्डात. सलाइन, सल्फाच्या गोळ्या. ताप उतरवून मगच पोट उघडायचं म्हणतात.

हे आले काल. डॉक्टरांनी त्यांना दोन्ही फिल्म दाखवल्या. मी कॉटवरून बघत होते. बराच वेळ उभे होते खिडकीशी. मग माझ्याजवळ येऊन स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मुलींना पावकी शिकवली."

मी म्हटलं, "बरं."

त्यांच्या तोंडून मला एकच वाक्य हवंय. ते काही येत नाही. मीही मागणार नाही!

शेजारच्या कॉटवर साळूबाई, जामखेडची. काळजाखाली पू झाला होता, नळी घालून काढला, आता टुणटुणीत. दिवसभर बडबड. तिच्याही फोटोत पैसा दिसला होता, पण तिचा खरंच कमरेचा. मला काढून दाखवला — काळा दोरा, भोकाचा पैसा, शेजारी लाल मणी. "बाई, आपरेशनला जाताना ह्यो बांदून जावा. माझा जीव ह्यानंच तगला बगा." मी हसले. म्हटलं, "साळूबाई, अहो, ह्याच्यासाठी तर मी मरायला टेकले होते!" तिला सगळी हकिगत सांगितली. ती एवढी हसली की टाके धरून बसली. "मंग तर घ्याच की! नाव झालंच हाय, पैसा बी घ्या!"

नको म्हटलं. माझी कात्री अजून बोथट झालेली नाही.

१८ फेब्रुवारी

उद्या ऑपरेशन.

डॉक्टर आडपडदा न ठेवता बोलले, म्हणून बरं वाटलं. घडी आतड्याला चिकटली असणार. सोडवताना आतडं फाटू शकतं. शिवू, पण शिवलेलं टिकलं नाही तर पोटात विष पसरेल. "तुम्हाला घाबरवायचं नाही मला," म्हणाले.

"आणि घडी तशीच ठेवली तर?"

"तर मग वेळेचाच प्रश्न आहे."

सही केली. मोठ्या अक्षरात, फळ्यावर काढते तशी. भीती वाटतेय. खूप वाटतेय, इथं लिहायला काय लाज? पण त्या दिवशी बाकावर बसताना जे ठरवलं त्यातलं काही बदललेलं नाही.

हे सकाळी प्रार्थना करणार म्हणाले. करू देत. त्यांचा आवाज चांगला आहे.

६ मार्च

लिहिता येतंय! ओळ वाकडी जाते, जाऊ दे.

जे आठवतं ते थोडं. बाकी लिडियाकडून. घडी निघाली, पण आतडं फाटलं. शिवलं. तिसऱ्या दिवशी टाका सुटला, पोटात गळती, ताप चढला, मी कुणाला ओळखेना. डॉक्टर मकासरे स्वतः लष्कराच्या कॅम्पात गेले आणि पेनिसिलिन मागून आणलं. ते येईपर्यंत मी राहीन असं कुणाला वाटत नव्हतं. लिडियाही खाली मान घालून म्हणाली, "मलाही नव्हतं वाटत गं."

पोटाला छातीपासून ओटीपर्यंत रुंद पट्टा आवळलेला. जखमेतून अजून येतं थोडं, रोज कमी. उठून बसायचं नाही, मान उचलायची नाही, मी नुसती छताकडे बघते.

साळूबाई घरी गेली. शुद्धीत असते तर निरोप दिला असता.

९ मार्च

सासूबाई आल्या. त्यांनी काय केलं असेल? डॉक्टरांकडून ती कडी मागून घेतली — पितळेची, काळवंडलेली — आणि पदराला बांधून सोनईला नेली. रविवारी उपासना सुटल्यावर दारातच उभ्या राहिल्या. एकेका बाईच्या नाकासमोर कडी धरली. "बग. ह्यो पैसा. माझ्या सुनंच्या आतड्यातनं निगाला. तुजा कुठनं निगतो, सांग!" बनुबाई म्हणे रडायला लागली. भिमाजी घंटेखाली लपला!

हसायची बंदी आहे मला. पट्टा धरून हसले.

मुली परत वर्गात यायला लागल्या. हे शिकवतात. पावकी अजून चुकते म्हणे.

हे रोज संध्याकाळी येतात. स्टुलावर बसतात, माझ्या पायावर हात ठेवतात. डोळे खोल गेलेत. काल डॉक्टर सांगत होते, ह्यांनी तापाच्या त्या दिवसांत दवाखान्याचा व्हरांडा सोडला नाही. ठीक आहे. पण ते वाक्य अजून आलेलं नाही. मी विसरलेले नाही.

१४ मार्च

आज पहिल्यांदा उठून बसवलं. लिडियानं अंग पुसायला पट्टा पूर्ण सोडला. मी खाली पाहिलं.

पट्ट्याच्या खालच्या काठाशी, कमरेला काळा दोरा. दोऱ्यात भोकाचा पैसा. शेजारी लाल मणी.

"कुणी?"

लिडिया हळू आवाजात म्हणाली, "पाळकसाहेबांनी. डॉक्टर पेनिसिलिन आणायला गेले होते तेव्हा. साळूबाईपुढं हात पसरून मागितला त्यांनी. स्वतः बांधत होते, पण हात एवढे कापत होते की शेवटी गाठ मीच मारली." मग ट्रेमधली कात्री उचलली. "तू बरी होऊन उठून बसलीस की कापायचा असं ठरलं होतं. कापू?"

म्हटलं, ठेव ती कात्री. आणि पट्टा जरा खालपर्यंत बांध. हे येतील आता, मी पाहिलाय हे त्यांना कळायला नको.